उशाशी चुलीचा चिरा

कुवेतमध्ये भुतं नाहीत, याचं सगळ्यात जास्त दुःख कासमभाईंना होतं.

आमच्या इस्पितळाची गाडी ते चालवायचे. सकाळी सव्वासहाला खैतानमधल्या आमच्या इमारतीखाली त्यांची पांढरी मिनीबस उभी राहायची आणि आम्ही एक्स-रेवाले, लॅबवाले, नर्स अशी नऊ-दहा माणसं अर्धवट झोपेत आत चढायचो. पुढच्या सीटवर मी, कारण माझं वय आणि माझं पोट मागच्या सीटवर मावत नाही. पहिल्या सिग्नलपर्यंत गाडीत सामसूम असायची. दुसऱ्या सिग्नलला भूत निघायचं.

"इथं भूत राहणार कुठं, उदयभाय?" कासमभाई एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्यानं सगळा कुवेत दाखवायचे. "वड नाय, पिंपळ नाय, पडकी विहीर नाय. खजुरीच्या झाडावर बसेल का ते? टोचतंय. आणि समजा आलंच एखादं विमानात बसून, तर त्याला इकामा कोण देणार? कफील कोण?"

हा प्रश्न बिनतोड होता. राहण्याचा परवाना आणि तो देणारा मालक, या दोन गोष्टींशिवाय इथं जिवंत माणसाला उभं राहता येत नाही, तिथं मेलेल्याची काय कथा.

मूळचे ते दाभोळच्या खाडीकाठचे, आणि भुतांची त्यांनी अगदी सरकारी पद्धतीनं वाटणी केलेली होती. "मुंजा तुमचा. त्याची मुंज झालेली असते, तो आमच्यात बसत नाय. खवीस आमचा. गिरा दोघांचा, कारण तो पाण्यात ऱ्हातो न् पाण्यात जात कोण विचारत नाय. देवचाराचं गावाप्रमाणं बदलतं."

मागून सुरेखा सिस्टर ओरडायच्या. त्या बीडच्या, आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा. "कासमभाई, माझी पुढच्या आठवड्यात नाइट हाय. तुम्ही हडळीचं काढू नका."

"सिस्टर, हडळ नर्सला धरत नाय. इंजेक्शनला घाबरते."

एकदा सुरेखाताईंनीच बातमी आणली, की इथंही एक भूत आहे म्हणून. एका म्हाताऱ्या कुवेती बाईनं त्यांना सांगितलं होतं. भर दुपारी उन्हात हिंडणाऱ्या पोरांना धरून नेणारी एक गाढवीण असते, आणि पूर्वी आया तिचं नाव घेऊन पोरांना घरात कोंडायच्या. कासमभाईंनी गाडी जवळजवळ थांबवली. "गाढवीण? आणि दुपारची?" त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या जुन्या गवयानं नवशिक्याचं गाणं ऐकावं तसा भाव आला. मग थोडा विचार करून म्हणाले, "हुशार आहेत पण लोक. इथं ऊनच माणूस मारतंय. त्याला चार पाय लावले, झालं."

असे हे कासमभाई. उंच, वाकलेले, मिशी मेंदीनं तांबडी झालेली. एकतीस वर्षं कुवेतमध्ये. आधी अर्दियाच्या गोदामात मालाची गाडी, मग आमची. बायको सात वर्षांपूर्वी गेली. कासमभाई पोचेपर्यंत दफन उरकलेलं होतं. मुलगी आफिया लग्न होऊन पनवेलला. त्यांच्या खोलीत एक खाट, एक फ्रिज आणि सुका जवळा एवढाच संसार होता. जवळ्याच्या वासामुळे खोलीत दुसरा कोणी भाडेकरू टिकत नसे. ते म्हणायचे, "बरंच आहे, एकट्याला मोठी खोली मिळते." पण शुक्रवारी दुपारी ते आमच्याकडे यायचे आणि चहा पिऊन झाल्यावरही कप हातातच धरून बसायचे. कप खाली ठेवला की उठावं लागतं, हे त्यांना माहीत होतं.

माझी बायको प्रणिता एकदा म्हणाली, "कासमभाई, गावातल्या सगळ्यांच्या घरची भुतं सांगून झाली. तुमच्या घरी काहीच नाही का?"

"आमच्या घराचं छप्पर गळकं, भाबी. भूत पण बोललं, नको." आणि ते घाईनं कप खाली ठेवून उठले. घाईनं उठलेले कासमभाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांना चिठ्ठी मिळाली. वय त्रेसष्ट झालं, इकामा पुढं वाढणार नाही, मेअखेर परत जायचं. सगळ्यांना कधी ना कधी मिळणारी चिठ्ठी. ती मिळाली की माणूस पहिल्यांदा हसतो. कासमभाईही हसले. मग मेच्या तिसऱ्या आठवड्यात ते आमच्या दारात आले, आत आले नाहीत.

"उदयभाय, मंगळवारी तुमची सुट्टी ना? सकाळच्या पाळीवाल्यांना सोडून आलो की दोनपर्यंत गाडी मोकळी असते. जरा माझ्याबरोबर याल?"

"येईन की. कुठं?"

"बापाकडं."

मी चष्मा काढून पुसला. त्यांचे वडील गावी वारले असावेत, असंच मी आजवर धरून चाललो होतो. माणूस लहानपणी बापाविना वाढला, एवढं त्यांच्या बोलण्यात येऊन गेलं होतं. पण बाप कुठं गेला हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. मी त्यांना हाताला धरून आत घेतलं. प्रणितानं न विचारता चहा ठेवला.

त्यांचे वडील नझीर हे गलबतावरचे सुतार. इथली मोठी अरबी गलबतं तेव्हा आपल्या किनाऱ्याला खजूर घेऊन यायची आणि लाकूड, कौलं, काथ्या भरून परत जायची. अशाच एका गलबतावर नझीर चढले. कासमभाई दोन वर्षांचे होते, धाकटी नूरी पोटात. कुवेतला पोचल्यावर आठ-दहा दिवसांत तापानं नझीर गेले. पाच महिन्यांनी त्यांचा एक सोबती गावी परतला, नझीरांची हत्यारांची पेटी आईच्या ओसरीत ठेवली आणि म्हणाला, "शहराबाहेरच्या कब्रस्तानात पुरलाय. नाव लिहायला कोण नव्हतं. पण आमच्या चुलीचा एक चिरा काढून उशाशी ठेवलाय. ओळख पटेल."

गलबतावर स्वयंपाकाची चूल जांभ्या दगडाच्या तीन चिऱ्यांची असायची. त्यातला एक नझीरांना दिला. पुढचा सगळा परतीचा प्रवास त्या लोकांनी दोन चिरे आणि एक लाकडाचा ओंडका यांवर भात शिजवला असणार. मी हे म्हटलं तर कासमभाई म्हणाले, "करपलाच असेल. पण बघा, चुलीचा दगड काढून देतात म्हणजे माणूस चांगला असणार ना?"

"असणारच."

"मला आठवतच नाय तो."

मग खरी गोष्ट आली. तो सोबती येऊन गेला त्याच आठवड्यात खाडीत होडी चालवणाऱ्या तरीवाल्यानं गावभर केलं, की तिन्हीसांजेला धक्क्यावर नझीर उभा दिसला. खांद्यावर पिशवी, तोंड खाडीकडं. लोक घाबरले. धक्क्याकडची वाट ओस पडली. पोरं कासमला 'खवीसाचा' म्हणून हाक मारायला लागली. आणि वीस वर्षांची आई, नूरीला कडेवर घेऊन, सूर्यास्ताची मगरीबची नमाज झाल्यावर धक्क्यावर जाऊन बसली.

"दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या दिवशी परत. मौलवीसाहेब येऊन बोलले, बाई, मेलेला माणूस परत येत नाय. ही बोलली, तुमचं खरं. पण मी बसते. मला उठवायला कोण येतंय ते बघू."

"मग?"

"मग काय, बसतेय. आज साठ वर्षं. अर्धा तास बसते, त्याच्याशी बोलते न् घरी येते. छप्पर गळतंय, कासम गणितात नापास झाला, नूरीला बघायला आलेले, सुनेला मुलगी झाली, सगळं त्याला पयलं कळतं. आम्हाला मागून."

चहा आला. कासमभाईंनी कप दोन्ही हातांत धरला.

मी म्हटलं, "कासमभाई, एकतीस वर्षं तुम्ही इथं आहात. एकदाही गेला नाहीत?"

"नाय."

"आपली गाडी रोज त्या जुन्या कब्रस्तानाजवळूनच जाते हो."

"म्हणून तर त्या वळणाला मी गिऱ्याची गोष्ट काढायचो. डावीकडं बघायला नको."

"पण का?"

त्यांनी बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "कबर सापडली, म्हणजे तो तिथं आहे. बरोबर? आणि तो तिथं आहे, तर धक्क्यावर कोण आहे?"

मी त्यांच्या पुढ्यात बशी सरकवली.

"म्हातारीला तेवढाच शेजार आहे, उदयभाय. मी इथं. नूरी तिच्या घरची, दिवसा येऊन जाते. मी कबर शोधून काढली न् तिचा माणूस घालवला, तर तिनं बोलायचं कुणाशी?"

"मग आता का?"

"तिनंच सांगितलं. मी बोललो, आई, कायमचा येतोय. ती बोलली, ये. पण त्याला भेटून ये. न् मला दाखव. साठ वर्षांत पयल्यांदा बोलली. आता नाय कसं म्हणू? सापडली नाय तर तिला काय सांगू, न् सापडली तर काय होईल, दोन्हीची भीती वाटते. तुम्ही फोन धरा फक्त."

मंगळवारी साडेअकराला आम्ही त्या वळणाला डावीकडे वळलो. वाटेत एकही भूत निघालं नाही. कासमभाई इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते; मांडीवर गुलाबाच्या पाकळ्यांची पिशवी आणि अगरबत्तीचा पुडा.

उंच भिंतीच्या आत ते जुनं कब्रस्तान होतं. तेल निघायच्या आधी आणि नुकतं निघालं तेव्हा या वाळूत आलेली माणसं तिथं होती. शहर आता त्याच्याही पलीकडे गेलेलं; आजूबाजूला काचेच्या इमारती आणि मधे ही उघडी वाळू, एकही झाड नाही. आता तिथं कुणाला पुरत नाहीत. फाटकाशी अशरफ नावाचा इजिप्तचा पहारेकरी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. त्यानं पिशवी पाहिली, पुडा पाहिला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मम्नू, या हाज्जी." मनाई आहे.

कासमभाई गोंधळले. आपल्याकडे बापाच्या कबरीवर रिकाम्या हातानं गेलं तर लोक तोंडात शेण घालतील. इथं फुलं नेली तर आत सोडत नाहीत. त्यांनी अरबी, हिंदी आणि दाभोळी मिसळून समजावायचा प्रयत्न केला. अशरफनं सगळं ऐकून घेतलं, पिशवी स्वतःच्या खुर्चीखाली सावलीत ठेवली आणि थंड पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. पाण्याला मनाई नव्हती.

आत बहुतेक कबरी म्हणजे वाळूचे नुसते उंचवटे. उशाशी पांढुरका दगड, क्वचित कुठं झिजलेली अक्षरं. बारा वाजत आले होते, माणसाची सावली पायाखाली जमा झाली होती. मी टोपीवर रुमाल टाकला आणि त्या गाढविणीबद्दल माझा आदर वाढला. दहा-बारा मिनिटं हिंडल्यावर मागच्या भिंतीपाशी कासमभाई एकदम थांबले.

पांढऱ्या वाळूत एक तांबडा दगड होता. भोकाभोकांचा, एका बाजूनं काळवंडलेला. जांभा कसा दिसतो हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथल्या घरांच्या भिंती, विहिरी, गडगे त्याचेच. कासमभाई गुडघ्यांवर बसले. त्यांनी दगडाच्या काळ्या बाजूवरून हात फिरवला, हात नाकाशी नेला. साठ वर्षांनी धुराचा वास कसला राहतोय. पण त्यांनी नेला. मग हात उघडे धरून फातेहा वाचायला लागले. मी चार पावलं मागं सरकलो, आणि मागं सरकताना माझ्या बुटाला काहीतरी लागलं.

तोही जांभा होता.

त्याच्या पलीकडे आणखी एक. मी मोजले. भिंतीशी एका ओळीत पाच. कासमभाईंचा नझीर तिसरा असू शकत होता, पहिला असू शकत होता, किंवा पाचवाही. एका गलबतावर जी ओळखीची खूण सुचली, ती किनाऱ्यावरच्या प्रत्येक गलबताला सुचली होती. प्रत्येकाला वाटलं असणार, इथं असा दगड दुसरा कुणाचा असणार आहे?

मी त्यांना कसं सांगावं याचा विचार करत होतो, तोवर फातेहा संपवून त्यांनी मान वळवली. बोटानं ओळीतले दगड मोजले. मग म्हणाले, "किती चुली बंद पडल्या, बघा."

"कासमभाई, आता काय करायचं?"

"तिला फोन लावा. ती वाट बघत असेल. खोटं सांगायचं तर आधीच ठरवायला हवं होतं."

तिकडे अडीच वाजलेले. नूरीनं फोन घेतला. पडद्यावर आधी तिचा कान दिसला, मग ओसरी, मग आई. बारीक, पांढरीशुभ्र, डोक्यावरून पदर, फोनच्या इतकी जवळ की एकच डोळा दिसत होता.

"हा कोण?"

"मी उदय, आई. कासमभाईंच्या गाडीतला."

"पुण्याचा काय? जाडा?"

"हो."

"बरं. दाखव."

कासमभाई फोनच्या बाहेर उभे राहून म्हणाले, "आई, पाच आहेत. पाचही चुलीचे चिरे. त्यातला आपला कुठचा, ते कळत नाय."

मग आई म्हणाली, "तुला कसा कळेल? तू दोन वर्षांचा होतास. त्या जाड्याला सांग, फिरव. हळू."

मी एकेका दगडावरून फोन हळूहळू नेला. ऊन इतकं होतं की पडदा मला स्वतःला दिसत नव्हता. आईचा आवाज तेवढा येत होता. "हा नाय. हा पण नाय. पुढं. पुढं. नाय. आता मागं घे. मागं. थांब. हा मधला."

"कशावरून, आई?" नूरी म्हणाली.

"जेवायला बसला तरी दोघांच्या मधे घुसायचा. कडेला निजवला की त्याला झोप नाय. मधलाच तो."

"तू त्याला दोन-तीन वर्षं तरी धड बघितलंस का गं?"

"मग? माणूस बघायला किती वर्षं लागतात?"

नूरी हसली. कासमभाईंनाही हसू आलं आणि ते चटकन मधल्या दगडापाशी जाऊन उभे राहिले, कोणी जागा घेईल अशा घाईनं.

"कासम, ऐकतोस?"

"हां, आई."

"त्याला माझा सलाम सांग. न् सांग, आता येऊ नको. लांबून येतोस, पाय झिजले असतील. पोरगा घरी येतोय. आता घरात माणूस आहे. सांगतोस?"

कासमभाईंच्या मिशीची दोन्ही टोकं हलली. "सांगतो."

"मोठ्यानं सांग. त्याला उजव्या कानानं कमी ऐकू यायचं." आणि फोन बंद झाला. आईनं बंद केला की नूरीनं, कळलं नाही.

मी फाटकाकडे निघालो. निरोप त्या दोघांतला होता. अशरफनं मला खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला. लांबून कासमभाई दिसत होते. मधल्या दगडाशी वाकून, डाव्या बाजूनं, काहीतरी बोलले. उभे राहिले. मग पहिल्यापाशी गेले आणि वाकले. मग दुसऱ्यापाशी. मग चौथ्या आणि पाचव्यापाशी. बाटलीतलं पाणी पाचांवर सारखं वाटून ओतलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "सगळ्यांना काय सांगितलंत?"

"तेच. आई बोलली ते."

"पाचांनाही?"

"निरोप चुकीच्या माणसाला गेला न् आपला अडकून राहिला तर? ज्याचा असेल तो घेईल."

बाकीच्या चौघांचं काय झालं असेल, हे मी बोललो नाही. साठ वर्षांत कुणी भेटायला आलं नव्हतं. पहिल्यांदा कुणीतरी आलं, नावानं नाही तरी मायेनं वाकलं, आणि म्हणालं, आता येऊ नको. कासमभाईंच्याही ते डोक्यात आलं असावं. कारण पहिल्या सिग्नलला ते आपणहून म्हणाले, "सलाम पण सांगितला सगळ्यांना. तेवढं बरं वाटेल."

उरलेले नऊ दिवस गाडीत गोष्ट झाली नाही. सुरेखाताईंनी स्वतःहून हडळ मागितली, तरी नाही. "संपल्या, सिस्टर," म्हणाले. मेअखेर आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. दोन पेट्या, एक जवळ्याचा डबा. तो डबा इथून गावाला कशाला, असं प्रणितानं विचारलं, तर म्हणाले, सवय आहे हो.

जुलैमध्ये मी फोन केला. मागं कुठंतरी नूरीचा आवाज येत होता.

"आई कशा आहेत?"

"बरी आहे. तब्येत ठीक. धक्क्यावर जात नाय. मगरीब झाली की दार लावून घेते."

"चांगलंय की. तुम्ही आलात म्हणून."

"हां." मग म्हणाले, "पण माझ्याशी काय बोलायचं, तिला सुचत नाय. समोर बसते न् विचारते, जेवलास का. मी बोलतो, जेवलो. मग दोघं पंख्याकडं बघतो. सगळं त्याला सांगायची सवय ना. मी मधे आल्यासारखा झालोय."

"मग तुम्ही सांगा की तिला काहीतरी. तुमच्याकडे गोष्टींचा काय तोटा."

"सांगितली. खवीसाची सांगितली. ती बोलली, असलं काय नसतं."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"काल मीच बोललो, आई, चल, धक्क्यावर जाऊ. तर बोलली, कोण आहे तिथं?"

"मग?"

"नेली हाताला धरून. अर्धा तास बसलो दोघं. कोण नव्हतं, उदयभाय."